आजोबांच्या ठेवीवर नातवाचे शिक्षण

आपल्या वर्धा जिल्ह्यात शुल्क भरण्याचा काळ आणि हाती पैसा येण्याचा काळ यांचा मेळ सहसा बसत नाही. महाविद्यालय सेवाग्राम-सावंगीचे असो वा नागपूर-पुण्याचे, शुल्क भरावे लागते पावसाळ्यात. कापसाचा चुकारा मात्र दिवाळीच्या सुमारास किंवा त्याही नंतर हाती येतो. अशा वेळी घरातील सर्वांची दृष्टी आजोबांच्या मुदत ठेवीकडे वळते. ठेव मोडायला नको, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेऊ, असे ठरते आणि आजोबा सही करतात.

सही करण्यात गैर काही नाही. ठेवीच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत बँक उचल देते. व्याजाचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारणतः एक-दोन टक्केच अधिक असतो आणि व्याज लागते ते वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरते. जुलैतील उचल डिसेंबरात फिटली, तर याहून स्वस्त कर्ज क्वचितच मिळेल. घात होतो तो हंगामापुरती घेतलेली उचल चार वर्षे रेंगाळते तेव्हा. या खात्याला बहुधा ठरलेला हप्ता नसतो. त्यामुळे तगादा लावायला कोणी येत नाही. व्याज मात्र दरमहा निमूटपणे चढत राहते.

दोन लाखांची उचल आणि साडेआठ टक्के दर धरा. पहिल्या महिन्याचे व्याजच सुमारे १,४१७ रुपये होते. नातवाने शिकवण्या घेऊन दरमहा २,००० रुपये भरले, तर कर्ज फिटायला साडेचौदा वर्षे लागतील. ५,००० भरले, तर चार वर्षांच्या आत ते संपेल. म्हणून चुकारा येताच त्यातील मोठी रक्कम आधी या खात्यात जावी, घरखर्चाचे मग पाहावे.

आणखी एक गोष्ट जपावी. तारण ठेवलेली ठेव आजारपणात पूर्ण मोकळी होत नाही आणि मुदत संपताच बँक थकबाकी त्यातूनच वळती करून घेते. औषधपाण्याची रक्कम वेगळ्या पावतीवर ठेवा. ती कोणत्याही कारणास्तव तारण देऊ नका, नातवासाठीसुद्धा नाही.

शिक्षण चार-पाच वर्षांचे असेल, तर प्रथम शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. त्यात साधारणपणे शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, इतर अटी पूर्ण होत असतील तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतही आहे.

‘पोराच्या अभ्यासावर परिणाम नको’ म्हणून अनेक आजोबा हे कर्ज नातवापासून लपवतात आणि रात्र रात्र स्वतःच आकडेमोड करीत जागतात. शुश्रूषा करणाऱ्यांनी झोप का लागत नाही हे विचारताना पासबुकाचीही चौकशी करावी. एकोणीस वर्षांच्या मुलाला हा भार पेलतो. सेवाग्रामी राहिलेल्या गांधीजींनी लंडनमधील विद्यार्थिदशेत रोज रात्री झोपण्यापूर्वी पैपैचा हिशेब जुळवल्याचे आत्मकथेत लिहिले आहे.

पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा नातवाला सोबत न्या. पासबुकाची नोंद त्यालाच करून आणू द्या आणि शिल्लक कर्जाचा आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.