पानगीची लाज कशाला?

मायबहिणींनो, कोरियातल्या सेऊल शहरी गेलेला पाहुणा रस्त्यावरच्या गाडीवर तोकबोकी मागतो. तांदळाचे पीठ वाफवून, कुटून केलेल्या बोटाएवढ्या वळकट्या, लालभडक मिरचीच्या रश्शात शिजवलेल्या! पहिल्या घासाला तो बिचकतो, मग वाटी पुसून खातो. १९५३ साली तिथले युद्ध थांबले तेव्हा तांदूळ महाग. म्हणून बरीच वर्षे त्या गव्हाच्या पिठाच्या होत. तांदूळ मुबलक झाला, तशा पुन्हा तांदळाच्या होऊ लागल्या.

आपल्या शहापूर-मुरबाडात भात घरचा. तरी माळशेज घाटाकडे निघालेल्या पाहुण्यापुढे आपण विकतच्या पावाचा वडापाव ठेवतो. यंदा पावसाळ्यात केळीच्या पानातली गरम पानगी आणि ठेचा ठेवून पाहा. पीठही आपले, पैसाही आपला!