चाळिशीनंतरची उपेक्षा

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. त्यांच्या मजुरीसाठी लढे झाले. कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत २००६ साली त्यांना मिळाली. परंतु पंचेचाळिशीच्या सुमारास त्यांच्या देहात जे मोठे स्थित्यंतर घडते, त्याविषयी घरातही कोणी बोलत नाही. शाळेतील शिक्षिका आणि कचेरीतील कारकून स्त्री याबाबतीत तितक्याच एकाकी आहेत.

रजोनिवृत्ती हा रोग नव्हे. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती पूर्ण झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रीच्या आयुष्यात हा टप्पा साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येतो. पाश्चात्त्य देशांत तो ५१ च्या आसपास येतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटू लागले की अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा उठतात, रात्री घामाने जाग येते, मन चिडचिडे होते. हे त्रास निदान जाणवतात तरी. हाडांची झीज मात्र मुकाट्याने होते आणि मनगट किंवा खुबा मोडल्यावरच ती ध्यानात येते.

या विषयावरील मौनाची किंमत किती भारी असते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. तेथील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशी न गाठलेल्या स्त्रियाही होत्या. कामावर खाडा झाला की दंड, आणि दुखण्यावर कर्करोगाची भीती. या कात्रीत सापडलेल्या स्त्रीला शस्त्रक्रिया हीच सुटका वाटली. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर कोसळते. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या सोलापूर जिल्ह्याने हा प्रश्न शेजारचा म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

वास्तविक पुष्कळसे उपाय हाताशी आहेत. ज्वारीच्या भाकरीबरोबर पालेभाजी, डाळ, ताक आणि तीळ नियमाने पोटात गेले, तर हाडांना आधार मिळतो. रोज अर्धा तास झपाट्याने चालणे, कोवळ्या उन्हात थोडा वेळ घालवणे, तासन्‌तास एका बैठकीत न बसणे, रात्रीचा चहा टाळणे, मिश्री सोडणे, यांस पैसा लागत नाही. त्रास असह्य झाला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरकांचे औषधही घेता येते. ते प्रत्येकीला चालतेच असे नाही. एक गोष्ट मात्र घरोघर पोहोचली पाहिजे: पाळी पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तपासणी एक दिवसही लांबवू नये. ज्या जिल्ह्यात बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली, तेथे हे अज्ञान शोभत नाही.

तथापि नुसता उपदेश पुरणार नाही. पहाटे पाणी भरणाऱ्या, दिवसभर विड्या वळणाऱ्या आणि रात्री सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणाऱ्या स्त्रीने फिरायला जायचे कधी? तिच्या पथ्यासाठी प्रथम घरच्यांनी आपल्या सवयी बदलल्या पाहिजेत. पतीने व मुलांनी सकाळचे काम वाटून घ्यावे. तिचे ताट सर्वांबरोबर वाढले जावे. तिच्या चिडचिडीला स्वभाव म्हणून हिणवू नये. शाळा-कचेऱ्यांनी स्वच्छ स्वच्छतागृह आणि खिडकीजवळची जागा दिली, तरी मोठे काम होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी बाळंतपणाइतकीच आस्था या वयाच्या स्त्रीविषयीही दाखवावी.

मूल होण्याचे वय सरले, म्हणजे स्त्रीच्या देहाची गरज सरली, असे समाज जणू गृहीत धरून चालला आहे. त्यानंतरही तिच्यापुढे वीस-पंचवीस वर्षे असतात. ती वर्षे दुखण्यात कुढत काढावयाची की ताठ कण्याने जगावयाची, याचा निर्णय केवळ तिच्या एकटीवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.