तळहातावरची अक्षरे

दिवाळी हा डोळ्यांचा आणि कानांचा सण. दिवे पाहायचे, फटाके ऐकायचे. पण वाचकहो, वयोमानाने ज्यांची नजर मंदावली आहे आणि कानही जड झाले आहेत, अशी वडीलधारी माणसे पुष्कळ घरांत असतात. ‘हल्ली आजोबा कुणाशी बोलत नाहीत,’ असे आपण सहज म्हणतो. वास्तविक आजोबांशीच कुणी बोलत नसते!

नजर अधू झाली की माणूस कानांवर विसंबतो. ऐकू येईनासे झाले की समोरच्याच्या ओठांकडे पाहतो. एका इंद्रियाने दुसऱ्याची उणीव भरून काढायची. दोन्ही मंदावली की उसने मागायला शेजारच उरत नाही.

उरतो तो स्पर्श. १८३७ साली बॉस्टनच्या अंधशाळेत डॉ. सॅम्युअल हाऊ यांच्याकडे लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची अंध-बधिर मुलगी आली. त्यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि त्या चाचपत लॉरा भाषा शिकली. पुढे त्याच शाळेतल्या ॲन सलिव्हनने लॉराशी बोलता यावे म्हणून बोटांची लिपी शिकून घेतली. १८८७ साली तीच लिपी तिने हेलन केलरच्या तळहातावर उमटवली.

‘टाडोमा’ नावाची आणखी एक पद्धत आहे. बोलणाऱ्याच्या ओठांवर अंगठा आणि गालावर, गळ्यावर बोटे ठेवून बोलणे ओळखायचे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एम.आय.टी.च्या संशोधकांनी अशा निष्णात व्यक्तींची कसून परीक्षा घेतली. जरा सावकाश बोललेली वाक्ये त्यांना केवळ हाताने उमगत होती! म्हणजे त्वचेलाही भाषा कळते. मात्र त्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि शिकवणारेही हवेत. आपल्याकडे अंध-बधिर मुलांच्या शिक्षणासाठी १९७७ साली मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट स्थापन झाली.

घरच्या वडीलधाऱ्यांसाठी एवढी खटपट नको. डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्यावेत, आणि एकाचा इलाज करताना दुसऱ्याचा विचार करावा. कानाचे यंत्र आणले, पण त्याची इवलीशी बॅटरी दिसतच नाही, तर ते कपाटातच राहायचे! ती बदलून देण्याचे काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावे. बोलताना उजेडात, अगदी जवळ बसावे. आधी हलकेच हाताला स्पर्श करून आपण कोण ते सांगावे.

आणि तेवढ्याने भागले नाही, तर तळहातावर बोटाने मोठी अक्षरे काढावीत: एकावर एक, सावकाश, शब्द संपला की थांबून. ज्यांनी आयुष्यभर अक्षरे गिरवली, त्यांना यासाठी नवी लिपी शिकावी लागत नाही. शिकायचे ते आपणच, आणि तेही थोडा धीर धरायला. ‘दिवाळी’ ही तर तीनच अक्षरे. आरंभ तिथूनच करावा.