हनुवटीचं पॅकेज

हनुवटीवर मोजून ११ केस होते. मोजले होते, कारण रोज सकाळी ऑफिसच्या लिफ्टमधल्या आरशात आधी ते दिसायचे, मग मी. दर पंधरा दिवसांच्या थ्रेडिंगला वैतागून जवळच्याच एका चकाचक पार्लरमध्ये लेसरचं पॅकेज घेतलं. सहा सेशन्स, एकरकमी भरलं तर सातवं फुकट. फुकट म्हटलं की आपलं डोकं बंद पडतं, पडलं!

तिसऱ्या सेशननंतर जबड्याच्या कडेला तपकिरी डाग उमटले. "होतं असं, जाईल," इति पार्लरवाली. चौथ्यानंतर तर भलतंच. जिथे कधी काही नव्हतं तिथे, पार कानाखालून गळ्यापर्यंत, काळी लव. मला वाटलं भास असेल. आईने मला खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाली, "अगं, हे तर वाढलेत!"

मग गेले स्किनच्या डॉक्टरांकडे. (आधी जायला हवं होतं, माहितीये.) त्यांनी समजावलं की लेसर केसातलं मेलॅनिन शोधतो आणि आपल्या सावळ्या कातडीतही तेच भरपूर असतं. मशीन किंवा सेटिंग चुकलं की चटका बसतो कातडीलाच, आणि मागे राहतात डाग. आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, तोही आधी छोट्याशा जागी टेस्ट करून. माझ्यावर कोणता वापरला? कुणास ठाऊक, मी विचारलंच नव्हतं. आणि ही नवी लव? उष्णता मूळ मारायला अपुरी पडली तर उलट झोपलेली मुळं जागी होत असावीत, असं मानतात. हे जास्त करून चेहऱ्यावर-मानेवर होतं आणि त्यातही हार्मोन्स बिघडलेल्या मुलींना.

"पाळी नियमित येते?" त्यांनी विचारलं.

नव्हती येत. दोन वर्षं. डेडलाइन्सचं टेन्शन, म्हणून सोडून दिलं होतं मी. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या झाल्या. पीसीओएस. म्हणजे ते ११ केस काहीतरी सांगत होते आणि मी त्यांनाच जाळायला निघाले होते. पार्लरमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिथे विचारलं ते एवढंच, कॅश की कार्ड?

आणखी एक गंमत. अमेरिकेचं एफडीए लेसर कंपन्यांना केस 'कायमचे जातात' असं म्हणू देत नाही, 'कायमचे कमी होतात' एवढंच. माझ्या पावतीवर मात्र ठळक अक्षरांत 'परमनंट'.

आता गोळ्या चालू आहेत, सनस्क्रीन पर्समध्येच असतं, डाग हळूहळू फिके होताहेत. लव आहे अजून. काल पार्लरमधून फोन आला, "मॅडम, तुमची तीन सेशन्स बाकी आहेत, महिनाअखेरीला एक्स्पायर होतील."

होऊ देत, म्हटलं.