दोष यंत्राचा नव्हे, आराखड्याचा

‘संगणक घेत नाही’ हे वाक्य सरकारी खिडकीवर आता ‘साहेब जेवायला गेले आहेत’च्या जागी आले आहे. फरक इतकाच, की साहेब कधीतरी परत येत.

संगणकप्रणालीतील चुका दोन जातींच्या असतात. एक लिहिण्यातील, ती चाचणीत सापडते. दुसरी आराखड्यातील, तिच्यात प्रणाली सांगितल्याबरहुकूम चालते, पण सांगितलेलेच चुकीचे असते. जबलपूरच्या सदरमधील एखाद्या काळे कुटुंबाचा विचार करावा. हिंदीत ‘ळ’ नसल्याने एका कागदावर ते ‘काले’ होतात, मराठी दाखल्यावर ‘काळे’च राहतात. दोन्ही नावे अक्षरशः जुळलीच पाहिजेत, असा नियम ज्याने ठरवला, त्याने खऱ्या माणसालाच तोतया ठरवले. छावणी मंडळांच्या सेवाही २०२१ पासून ‘ई-छावणी’वर आल्या आहेत, म्हणजे अशा नियमांचे वजन वाढतच जाणार.

या चुका अज्ञात नाहीत. अमेरिकेतील माइटर संस्थेने २००९ मध्ये सर्वांत घातक २५ चुकांची यादी प्रथम प्रसिद्ध केली. आत येणाऱ्या माहितीची पडताळणी न करणे ही तीत ठळक होती. तरी २०१७ च्या महाराष्ट्रातील ३४,०२२ कोटींच्या कर्जमाफीत, ऑक्टोबरमधील याद्यांत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक आढळला. क्रमांक दुसऱ्यांदा येताच अडवणे ही प्राथमिक तपासणी होय.

‘हे तंत्रज्ञांचे काम’ असे आमचे सहकारी म्हणतात. ते मान्य करता येत नाही. गरजांच्या मसुद्यावर सही अधिकाऱ्याची असते. ब्रिटिश टपाल खात्याने ‘होरायझन’ प्रणालीचे आकडे निर्विवाद मानले. १९९९ ते २०१५ या काळात तिच्या आधारे ९०० हून अधिक पोस्टमास्तर दोषी ठरले आणि त्या शिक्षा रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये करावा लागला. तेथे प्रणालीइतकीच तिच्यावरील अंधश्रद्धाही दोषी होती.

म्हणून तीन गोष्टी अनिवार्य कराव्यात. निविदेतच ज्ञात चुकांची यादी जोडावी. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी मुद्दाम चुकीचे आणि विचित्र अर्ज भरून पाहावेत. आणि यंत्राने नाकारलेल्या अर्जावर लेखी कारणासह निर्णय देण्याचा अधिकार खिडकीमागील माणसाकडे ठेवावा. नकाराखाली सही माणसाची असेल, तरच उत्तर मागता येते.