गाडी लागली नव्हती



तीन वर्षे पैसे साठवून, व्याजाच्या वाटेला न जाता मुलाने गाडी घेतली. घरात ईदच होती. पहिल्याच आठवड्यात आत वास येऊ लागला. शोरूमवाले म्हणाले, "नवी आहे, जाईल." त्यात तथ्यही असते. नव्या सायलेन्सरवरचा तेलकट थर तापून जळतो, तो वास काही दिवसांत जातो. पण महिना उलटला तरी आमचा वास गेला नाही, आणि तो जळक्या तेलाचा नव्हता, धुराचा होता. मी काय केले? समोर अत्तराची कुपी ठेवली!

मग चिपळूणहून कराडला निघालो. कुंभार्ली घाटात मागे बसलेली नात म्हणाली, "दादी, डोकं दुखतंय," आणि तिला उलटी झाली. आम्ही म्हटले, गाडी लागली. लिंबू हुंगायला दिले. पण सूनबाईचेही डोके जड झाले होते, आणि तिला गाडी कधीच लागत नाही. तेव्हा मुलाने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. मोकळ्या हवेत दोघींना हळूहळू बरे वाटले. पुढचा रस्ता चारही काचा उघड्या ठेवून कापला.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. मुले आणि गरोदर स्त्रिया यांना धोका जास्त. आपल्याला येतो तो धुरातल्या इतर वायूंचा वास, म्हणजे इशारा. अत्तराने मी तो इशाराच झाकला होता.

असा वास आला तर काचा उघडा आणि एसीचे बटण बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवा. आतलीच हवा फिरत राहिली तर शिरलेला धूर आतच राहतो. डिकी उघडी ठेवून गाडी चालवू नका, मागचा धूर आत ओढला जातो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, आणि एसी लावून उभ्या गाडीत झोपू तर मुळीच नका. कुणाला गुंगी आली तर थेट दवाखाना गाठा.

वास केव्हा येतो ते लिहून ठेवा: उभे असताना, चढावर की एसी लावल्यावर? डिकीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघून आली तर तिथले रबर नीट बसलेले नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी वर उचलून सायलेन्सरच्या पाइपचे सांधे बघायला सांगा. काजळीचा काळा डाग दिसला तर तिथून धूर गळतो. आणि तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या. तोंडी तक्रार उद्या कुणाला आठवत नाही. दाद मिळाली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आम्हाला दोनदा "काही दोष नाही" म्हणून परत पाठवले. तेव्हा एका नातेवाइकाने सल्ला दिला, "आत्ताच विकून टाका. अत्तर लावा, कुणाला कळणार?" खरे सांगते, क्षणभर मलाही ते पटले. मुलगा म्हणाला, "अम्मी, त्या घरातही कुणाची तरी नात मागे बसणार."

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शरीअतने म्हणूनच लपलेला दोष आढळल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे.

तिसऱ्या खेपेला मुलाने मेकॅनिकला शेजारी बसवून चढावर नेले. वास त्यालाही आला. पाइपचा एक सांधा ढिला होता आणि डिकीचे रबर एका कोपऱ्यात दुमडलेले होते. दोन्ही वॉरंटीत झाले. अल्हमदुलिल्लाह, वास गेला.

अत्तराची कुपी आता कपाटात आहे. आणि लेकराने "डोकं दुखतंय" म्हटले की आम्ही आधी काच उघडतो, लिंबू नंतर शोधतो.