मैदानानंतरचा चहा

दिल्लीत शिकायला आलो तेव्हा वसतिगृहातले दोन प्रश्न ठरलेले होते: ‘पूरा नाम?’ आणि ‘रँक कितनी?’ दोन्हींतून जातच विचारली जाई. फुटबॉलच्या मैदानावर मात्र मलप्पुरमच्या एका मुलाने मोडक्या हिंदीत विचारले, ‘कुठे खेळतोस, पुढे की मागे?’ तिथून आमची मैत्री सुरू झाली.

आय. एम. विजयन यांच्याविषयी मला त्यानेच सांगितले. त्रिशूरच्या दलित कुटुंबातला हा मुलगा स्टेडियमवर सोडा विकायचा. पुढे तो भारताचा कर्णधार झाला, २०२५ मध्ये पद्मश्रीचा मानकरी ठरला. मी त्याला विजय बारसे सरांनी नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना उभे केलेल्या फुटबॉलविषयी सांगितले.

पण खेळ आपोआप जात पुसतो, असे मी म्हणणार नाही. पळवणकर बाळूंची गोलंदाजी पुण्याच्या सवर्ण सहकाऱ्यांना हवी होती; त्यांचा चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई.

मीही तीन महिने आडनाव टाळले. शेवटी सांगितले, तेव्हा मनात धाकधूक होती. सुट्टीत तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने माझे ताट सगळ्यांच्या ओळीतच मांडले.

नव्या शहरात एकटे पडला असाल, तर मैदानावर जा. चेंडूमुळे ओळख होईल. ती मैत्री आहे की नाही, हे सामन्यानंतरच्या चहाला कळेल. तिथे आडनाव लपवू नका.